व्हॉल्व्हचा ॲम्प विकून मॉडेलर घ्यावा का?

सहावी_तार

नमस्कार मंडळी. संगीत विभागात हार्मोनियम, तबला, तंबोऱ्यावर धाग्यांचा पाऊस असतो. इलेक्ट्रिक गिटारवाले नुसते वाचनमात्र. त्यांना बाहेर काढायला हा धागा.

माझ्याकडे फेंडरचा '६५ डिलक्स रिव्हर्ब हा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्या असलेला, गिटार ॲम्प आहे, रीइश्यू (जुन्या मॉडेलची नवी आवृत्ती). २२ वॅट, दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह, बारा इंची एक स्पीकर, वजन १९ किलोच्या आसपास. राहतो पुण्यात, सिंहगड रोडला, सातव्या मजल्यावर. या ॲम्पचा आवाज खरा फुलतो तो व्हॉल्यूम पाचच्या पुढे, आणि माझ्या घरात तो अडीचच्या पुढे गेला की खालच्या काकूंचा फोन येतो. काकू चांगल्या आहेत हो, गणपतीत मोदक पाठवतात. पण फोन करतात.

मित्र म्हणतो, विकून टाक, त्या पैशात चांगला मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा डबा) येईल, हेडफोन लाव आणि रात्री दोनला वाजव. त्याच्याकडचा क्वाड कॉर्टेक्स नावाचा मॉडेलर वाजवून पाहिला. आवाजात मला खोट काढता येत नाही. तरी वाजवताना मजा कमी आली. हे माझ्या मनाचे खेळ, की खरंच काही कमी आहे? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा. ज्यांनी वापरलं नाही ते सांगतीलच.

निवांत_पोपट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुणीतरी लवकर पाटा-वरवंट्याची उपमा द्या, म्हणजे धागा शंभरी गाठायला मोकळा.

धारवाला

घ्या, मीच देतो. मिक्सरमधली चटणी ती चटणी नव्हे. झालं समाधान?

आता मुद्द्याचं. विकू नका. १९९८ साली लाइन ६ कंपनीचा पॉड हा मॉडेलर आला तेव्हाही लोक हेच म्हणत होते, की आता ॲम्पचा जमाना संपला. तो लाल डबा आज जुन्या बाजारात कितीला जातो बघा. आणि साठच्या दशकातला डिलक्स रिव्हर्ब कितीला जातो तेही बघा. मॉडेलर म्हणजे कॉम्प्युटर. दर चार वर्षांनी नवा येतो आणि जुन्याला कुणी विचारत नाही.

किंचित_क्लिप

धारवाला भाऊ, त्यांच्याकडे साठच्या दशकातला नाहीये, रीइश्यू आहे. आणि पुनर्विक्रीच्या किमतीवरून आवाज ठरवायचा असेल तर मग गुंतवणूक विभागात धागा काढू.

१९९८ चा पॉड पुढे करून आजच्या मॉडेलरला झोडपणं बरं नव्हे. मधे बरंच पाणी वाहून गेलंय. २००६ मध्ये फ्रॅक्टलचं ॲक्स-एफएक्स आलं. त्यांनी मूळ सर्किटमधल्या एकेका भागाचं वागणं गणितात बसवायला घेतलं. मग २०११ मध्ये केम्परने वेगळाच रस्ता धरला: खऱ्या ॲम्पमधून चाचणीचे आवाज पाठवायचे, बाहेर काय येतं ते मोजायचं आणि त्याचा छाप घ्यायचा. क्वाड कॉर्टेक्स, टोनेक्स हे त्याच वाटेचे, फक्त आता न्यूरल नेटवर्क वापरतात. आणि हे सगळं फुकट हवं असेल तर 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' आहे. साधारण तीन मिनिटांची ध्वनिफीत तुमच्या ॲम्पमधून वाजवा, रेकॉर्ड करा, नेटवर्कला शिकवा, झाला तुमचा ॲम्प लॅपटॉपमध्ये. मी स्वतः करून पाहिलंय.

२०१३ च्या डिसेंबरात मेटॅलिकाने अंटार्क्टिकात कार्यक्रम केला. घुमटाकार तंबू, बाहेर आवाज जाऊ द्यायचा नाही म्हणून प्रेक्षकांच्या कानांना हेडफोन. तिथे ॲक्स-एफएक्स वापरलं आणि पुढे दौऱ्यांवरही तेच नेलं. त्यांना मजा कमी येत असती तर एव्हाना कळलं असतं.

निवांत_पोपट

पेंग्विनांची तक्रार आली नाही म्हणजे सातव्या मजल्यावर चालायला हरकत नसावी.

बेसवाली

हसून हसून पुरेवाट!

माझं मत विचाराल तर बँडमधल्या बाकीच्यांना काडीचा फरक पडत नाही. गिटारवाला जोरात वाजवतो एवढंच कळतं. व्हॉल्व्हचा ॲम्प असला की "आता गरम झाला, आता खुलतोय" म्हणत आणखी जोरात वाजवतो. मॉडेलर आल्यापासून आमच्या प्रॅक्टिसमध्ये मला माझा बेस ऐकू यायला लागला. मॉडेलर झिंदाबाद.

लोअर_परळ

धागाकर्त्यांना मजा का कमी आली, त्याचं उत्तर बहुतेक मॉडेलरमध्ये नाहीच.

मित्राकडे वाजवलात तेव्हा आवाज कशातून ऐकलात? हेडफोन किंवा टेबलावरचे मॉनिटर, बरोबर? घरी ॲम्प कसा ऐकता? उघड्या पाठीचा खोका जमिनीवर, आवाज पुढे जातो, मागेही जातो, भिंतीवर आपटून येतो, पोटरीला वारा लागतो. मॉडेलर तुम्हाला ते ऐकवतच नाही. तो ऐकवतो ॲम्प, मग स्पीकर, मग त्या स्पीकरच्या जाळीला टेकवलेला एसएम५७ सारखा माइक, आणि त्या माइकला काय ऐकू आलं ते. म्हणजे तुम्ही एका बाजूला खोलीतला ॲम्प ठेवलात आणि दुसऱ्या बाजूला स्टुडिओत रेकॉर्ड झालेला ॲम्प. तो तसाच ऐकू येणार. आयुष्यभर ज्या गिटारी आपण रेकॉर्डवर ऐकल्या त्या सगळ्या अशाच माइकमधून आलेल्या आहेत. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती.

तुलनाच करायची तर मॉडेलरमधला कॅबिनेट (स्पीकरचा खोका) आणि माइकचा भाग बंद करा, एक साधा पॉवर ॲम्प घ्या आणि तुमच्या डिलक्सच्याच स्पीकरला जोडा. आवाज मोजून सारखा करा. कानाने नव्हे, मोजून. दोनातला जो किंचित मोठा वाजतो तो कायम 'जास्त जिवंत' वाटतो. मग सांगा काय कमी आहे.

धारवाला

आणि लेटन्सी? बोट मारल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर? तो तर आहे ना?

लोअर_परळ

आहे. चांगल्या मॉडेलरमध्ये दोन-तीन मिलिसेकंद. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. स्टेजवर तुम्ही ॲम्पपासून तीन मीटर लांब उभे असलात तर तुमचा आवाज तुमच्यापर्यंत यायलाच नऊ मिलिसेकंद लागतात. त्याबद्दल आजवर कुणी फेंडरला पत्र लिहिलेलं नाही. वायरलेस, मॉडेलर, डिजिटल मिक्सर, कानातले मॉनिटर अशी सगळी माळ लावलीत तर मात्र बेरीज जाणवायला लागते, हे मान्य.

सोल्डरकाका

बरेच दिवसांनी कामाचा धागा. मी चाळीसएक वर्षं रेडिओ, पीए (सभा-समारंभातली लाउडस्पीकर यंत्रणा) आणि ॲम्प दुरुस्त करतोय. दोन्ही पक्ष अर्धं अर्धं सांगतायत, म्हणून सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

लोअर_परळ यांनी सांगितलेला प्रयोग चांगला आहे, पण त्यात एक मेख आहे. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं म्हणून तो सगळ्या स्वरांना ८ नसतो. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे त्याचा कोन आपोआप थरथरायला बघतो, तिथे कितीतरी जास्त ओहम दाखवतो. वर तीव्र स्वरांकडेही ओहम चढत जातात. ट्रान्झिस्टरचा पॉवर ॲम्प व्होल्टेज धरून ठेवतो, त्यामुळे ओहम चढले की तिथे त्याची शक्ती कमी जाते. व्हॉल्व्हवाल्याचा आतला रोध मोठा, म्हणून त्याच जागी त्याचं व्होल्टेज वर जातं. खालचा दणका आणि वरची धार यातला बराचसा भाग इथून येतो. तेव्हा मॉडेलर साध्या पॉवर ॲम्पवर लावून "सपाट वाटला" म्हणालात तर तो दोष मॉडेलरचा नसेल.

दुसरं, दबणं. जोरात कॉर्ड मारला की आउटपुटचे व्हॉल्व्ह एकदम करंट मागतात, पुरवठा क्षणभर दबतो, मग सावरतो. बोटांना ते स्वर आधी दबून मग उमलल्यासारखं लागतं. डिलक्समधला जीझेड३४ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) तसा दणकट, ५वाय३ असेल तर जास्त दबतो. पण हे सगळं ॲम्प ओढला जात असेल तेव्हा. व्हॉल्यूम अडीचवर आउटपुट व्हॉल्व्ह झोपलेले असतात हो! त्या अडीचवर तुम्ही व्हॉल्व्हची मजा घेताय असं वाटत असेल तर ती बहुतेक स्पीकरची आणि खोलीची मजा आहे.

तिसरं, सगळ्यांसाठी. हा धागा वाचून कुणी पाठीमागचं पत्र्याचं झाकण उघडू नका. डिलक्सच्या प्लेटवर चारशेच्या वर व्होल्ट असतात. पिन काढली, दिवा विझला, तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मी आधी रोध लावून तो उतरवतो, मीटरवर शून्य बघतो, आणि तरी एक हात खिशात ठेवून काम करतो. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो.

गंधार_कोमल

मी गाणारी, गिटारमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचताना सारखं वाटत होतं की हे भांडण आमच्या घरात होऊन गेलंय.

१९७९ च्या सुमारास बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला तेव्हा किती नाकं मुरडली गेली होती! आमचे गुरुजी त्याला 'तो डबा' म्हणत. मिरजेची जोडी, तिची जवारी, दोऱ्याची जागा केसभर इकडेतिकडे सरकवून लावलेला षड्ज, हे डब्यात कुठून येणार? आज सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप आहे. गुरुजींच्याही. पहाटे रियाजाला चार तारा लावत बसायला कुणाला वेळ आहे? मात्र मैफिलीला मागे दोन तंबोरे असतातच, आणि ते शोभेसाठी नसतात.

किंचित_क्लिप

गंधारताई, रोचक. पण एक फरक आहे. तंबोरा तुमचं ऐकत नाही, तो आपला वाजत राहतो. ॲम्पला मात्र वाजवणाऱ्याच्या हाताला उत्तर द्यावं लागतं. गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणला की खरखर (डिस्टॉर्शन) गेली पाहिजे आणि स्वच्छ घंटेसारखा स्वर उरला पाहिजे. जुने मॉडेलर इथेच उघडे पडायचे, नुसता आवाज कमी व्हायचा, खरखर तशीच. आता तसं होत नाही, निदान चांगल्यात तरी.

गंधार_कोमल

तंबोरा ऐकत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? चांगल्या जुळलेल्या जोडीच्या मधे बसून खणखणीत षड्ज लावा, गळा थांबवल्यावर तारा काय म्हणतात ते ऐका. ॲपला कितीही जीव तोडून सा लावा, ढिम्म.

लोअर_परळ

ताई, दंडवत. हेच गिटारचं. ॲम्प मोठा करून त्याच्यासमोर उभं राहिलं की स्पीकरचा आवाज तारांना हलवतो, तारा पुन्हा ॲम्पमध्ये जातात आणि स्वर विझतच नाही. पाऊल अर्धा फूट मागे घेतलं की तोच स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो. हेडफोनवर हे होणं शक्य नाही, कारण हवा हललीच नाही. पण मोठ्या स्पीकरवर लावलेला मॉडेलरही हे करतो. व्हॉल्व्हची मक्तेदारी नाही त्यावर.

म्हापशेकार

गोव्यातून दोन पैसे. मी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, हंगामात आठवड्याला दोन-तीन लग्नं असतात. तुमची सगळी फिलॉसॉफी ऐकली मरे, आता आमचं ऐका.

लॉनवर लग्न, लाइट जनरेटरवर. जेवणाचे दिवे लागले की व्होल्टेज खाली, कूलर बंद झाला की वर. पावसाळ्यात हवा इतकी दमट की ट्रंकेतल्या केबलच्या पिनांवर हिरवा थर चढतो, व्हॉल्व्हच्या सॉकेटमधून चरचर सुरू. व्हॉक्स एसी३० होता माझ्याकडे. ईएल८४ व्हॉल्व्ह चार, आवाज असा की काय सांगू, आणि वजन असं की ड्रमरशी मैत्री ठेवावी लागायची. मंडपात साउंडवाला पहिल्यांदा काय म्हणायचा? "पात्रांव, ॲम्प कमी कर." मग तो माझा ॲम्प माइकमधून घ्यायचा, आणि बाजूच्या ड्रमचा आवाज फुकटात त्याच माइकमध्ये.

आता हीलिक्स हा मॉडेलर. पाठीवर बॅग, दोन केबल मिक्सरला, पंधरा मिनिटांत तयार. सारखाच आवाज रोज. रात्री दहाला बंद करायचं, साडेदहाला मी गाडीत. नवऱ्या मुलीच्या मामाला व्हॉल्व्ह कळत नाही, त्याला जुनी गाणी हवी असतात.

एसी३० विकला नाही पण. घरी आहे. सोड म्हणालात तरी सोडणार नाही.

धारवाला

बघा! शेवटच्या ओळीत खरं बाहेर आलं.

बेसवाली

अवांतर: रात्री दहाचा विषय निघालाच आहे तर, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. गिटारच्या बऱ्याच स्पीकरना एक वॅट दिला की एक मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास आवाज येतो. एक वॅट! काकूंचा फोन कायद्याला धरून आहे.

निवांत_पोपट

विसर्जनाला आमच्या खिडकीखाली जो डीजे उभा राहतो तो बहुतेक मायनसमध्ये मोजतात.

जर्सीतला_जोशी

डीजेवर धागा नेऊ नका, मागच्या वेळी कुलूप लागलं होतं.

तो एक वॅटचा हिशेब खरा आहे. २२ वॅटचा ११ केलात तर फक्त ३ डेसिबल उतरतात. आवाज 'निम्मा' वाटायला सुमारे दहावा हिस्सा करावा लागतो. म्हणून 'घरगुती, पाच वॅटचा' म्हणून व्हॉल्व्ह ॲम्प घेणारे पहिल्याच दिवशी फसतात. फेंडरने २०१९ मध्ये डिलक्स रिव्हर्बचीच डिजिटल आवृत्ती काढली, टोन मास्टर. दिसायला तोच, व्हॉल्व्ह एकही नाही, वजन साडेदहा किलोच्या आत, आणि मागच्या खटक्याने २२ वरून थेट ०.२ वॅटच्या आवाजापर्यंत उतरतो. मी इथे दोन्ही शेजारी ठेवून वाजवले. स्वच्छ आवाजात मला डोळे मिटून सांगता आलं नसतं. ओढल्यावर, म्हणजे सातच्या पुढे, खरा थोडा जास्त मऊ वाटला. 'वाटला' एवढंच म्हणतो.

आणि हळू आवाजात कान स्वतःच खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मांडलंय. त्यामुळे हेडफोनवर रात्री दोनला जुळवलेला आवाज स्टेजवर लावला की कानात सुया टोचतात आणि खाली नुसता गोंगाट. मॉडेलरला शिव्या घालणारे निम्मे लोक या खड्ड्यात पडलेले असतात.

धारवाला

ठीक आहे, शास्त्र बाजूला. दुरुस्तीचं बोला. व्हॉल्व्ह ॲम्प पन्नास वर्षांनीही उघडता येतो. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला तर?

किंचित_क्लिप

आणि व्हॉल्व्ह कुठून आणणार? जगात ते मोठ्या प्रमाणावर करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत: स्लोव्हाकियात जेजे, रशियात सारातोव्हचा, आणि चीन. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा महिनाभर सगळ्या जगाचे ॲम्पवाले व्हॉल्व्ह साठवत सुटले होते. तुमचे 'टंग-सोल' आणि 'मलार्ड' छापलेले नवे व्हॉल्व्ह त्याच सारातोव्हमधून येतात, माहीत असेलच.

सोल्डरकाका

दोघांचंही खरं.

व्हॉल्व्ह आपल्याकडेही व्हायचे. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईसीसी८३ आणि ईएल८४ आम्ही डझनाने लावलेत, रेडिओत, पीए ॲम्पमध्ये. ईसीसी८३ म्हणजेच तुमचा १२एएक्स७. जुन्या रेडिओवाल्यांच्या मुलांनी दुकान आवरायला काढलं की खोक्यात कधी कधी निघतात, पांढऱ्या पुठ्ठ्याच्या डबीत. बरे असतात. मागच्या पिढीतल्या कुणी त्या डब्या जपल्या असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका, आधी मला विचारा.

पण आजचे बरेच व्हॉल्व्ह ॲम्पही प्रिंटेड बोर्डवर असतात, कित्येकांत सॉकेटसुद्धा बोर्डवरच. रोज तापून निवून तिथला सांधा सुटतो. 'पन्नास वर्षं' हे जुन्या, हाताने तारा ओढलेल्या ॲम्पबद्दल खरं. मॉडेलर माझ्याकडे येतात तेव्हा मी पॉवर सप्लाय, जॅक, खटके एवढंच करू शकतो. प्रोसेसर गेला की हात जोडतो. ग्राहकाला पटत नाही. "काका, तुम्ही तर रेडिओ दुरुस्त करायचात!"

झांजा

मी ड्रमर. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. आमच्या जॅमरूममध्ये लोअर_परळ म्हणतात तसं केलं, मुद्दाम या धाग्यासाठी. रूमच्याच मार्शल ॲम्पचा छाप किंचित_क्लिपच्या पद्धतीने घेतला, आउटपुट मार्शलच्याच कॅबिनेटला, आणि मधे पडदा. फोनवरच्या मीटरने आवाज सारखा केला. काकांनी सांगितलेल्या ओहमच्या भानगडीसाठी छाप घेताना कॅबिनेट जोडलेलंच ठेवलं आणि सिग्नल स्पीकरच्या तारेवरून, योग्य तो डीआय (सिग्नल रेकॉर्डिंगला जुळवून देणारी डबी) लावून घेतला.

ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच खात्रीने सांगता आलं नाही. बेसिस्टने ठामपणे सांगितलं आणि ठामपणे उलटं सांगितलं. वाजवणाऱ्याने खरखरीच्या आवाजात ओळखलं नाही. पण गिटारचा नॉब कमी करून हळू वाजवायला लागला तेव्हा पडद्याआडूनही बरोबर ओळखायचा, दर वेळी. कसं विचारलं तर म्हणाला, हळू मारलं की खरा आधी येतो. 'आधी येतो' म्हणजे काय ते त्यालाही सांगता येईना.

आणखी एक ऐकलं. लॅपटॉपवरचा एक जुना फुकटचा मॉडेलर लावला होता गमतीला. वरच्या फ्रेटवर तार ओढून स्वर चढवला की मागे एक बारीक सूर उलटा, खाली उतरताना ऐकू यायचा. भुताटकी.

किंचित_क्लिप

ती भुताटकी म्हणजे एलियासिंग. खरखर निर्माण करताना वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले सूर) तयार होतात, ते सॅम्पलिंगच्या, म्हणजे सेकंदाला आवाज जितक्या वेळा मोजला जातो त्या, वेगाच्या निम्म्यापलीकडे गेले की दुमडून खाली येतात, म्हणून स्वर चढतो तसे ते उतरतात. चांगले मॉडेलर आतल्या आत कितीतरी जास्त वेगाने सॅम्पल करून हे टाळतात. जुन्यांत ताकद नव्हती. झांजा, प्रयोगाबद्दल धन्यवाद, वाचनखूण साठवली.

सहावी_तार

मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. वाचून आम्हीही उद्योग केला. मित्राने क्वाड कॉर्टेक्स आणि एक छोटा पॉवर ॲम्प आणला, डिलक्स बंद ठेवून त्याच्या स्पीकरची पिन काढली आणि यांना जोडली. मॉडेलरमधला माइक आणि कॅबिनेट बंद. मजा परत आली! निदान बरीचशी. पहिला कॉर्ड मारला आणि दोघं एकमेकांकडे बघून हसलो. खोलीत बसून ऐकायची जी सवय आहे, तीच हेडफोनवर सापडत नव्हती.

चौथ्या मिनिटाला काकूंचा फोन आला. म्हणजे काकूंच्या दृष्टीने व्हॉल्व्ह आणि डिजिटल सारखेच.

तेव्हा ठरवलंय की डिलक्स विकायचा नाही. नऱ्ह्यात एका मित्राची प्रॅक्टिस रूम आहे, तिथे नेऊन ठेवतो, तिथे तो पाचच्या पुढे जाईल. घरासाठी मोठा महागडा मॉडेलर नको, एखादा छोटा वापरलेला बघतो. झांजा म्हणतात तो हळू वाजवण्यातला फरक मलाही जाणवला, पण हेडफोनवर रात्री सराव करताना तो चालवून घेईन. काका, त्या रूममध्ये एसी नाही आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येते, काही काळजी?

धारवाला

एक मत जिंकलो. लिहून ठेवा.

किंचित_क्लिप

मॉडेलर पण घेतायत ते. बरोबरी.

सोल्डरकाका

भिंतीपासून हातभर लांब, जमिनीवर नको, लाकडी पाटावर ठेवा. कव्हर सुती घाला, प्लास्टिकचं नको, आत पाणी धरतं. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू ठेवा, आपल्या उष्णतेनेच आतून सुकतो. आणि रूमची अर्थिंग तपासून घ्या. जुन्या बांधकामात तिसऱ्या पिनेला कित्येकदा मागे तारच नसते. पिन तीन आहेत म्हणून अर्थिंग आहे असं समजू नका. स्पीकरची पिन काढून ॲम्प कधीही चालू करायचा नाही, हे तुमच्या रूमवाल्या मित्रालाही सांगा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला तर खर्च ऐकून रडाल.

जर्सीतला_जोशी

काका, धागा संपायच्या आत माझंही विचारून घेतो. पुढच्या वर्षी कायमचा परत येतोय, ठाण्याला. इथला व्हॉल्व्हचा ॲम्प १२० व्होल्टचा आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

सोल्डरकाका

ॲम्पच्या मागची पट्टी बघा. त्यावर ५०/६० हर्ट्झ असं दोन्ही लिहिलेलं असेल तर चालेल. स्टेप-डाउन चांगल्या जातीचा घ्या, ॲम्प जेवढे वॅट ओढतो त्याच्या दुपटीचा, आणि अर्थिंग थेट पुढे नेणारा. फक्त ६० लिहिलं असेल तर ॲम्पच्या आतला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापणार. स्टेप-डाउन व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही बदलत. तसा ॲम्प आणायचाच असेल तर आल्यावर पॉवर ट्रान्सफॉर्मर बदलून घ्यावा लागेल. पट्टीचा फोटो काढून टाका इथे, मग बोलू.